गाण्याला कुलूप लावायचं का? नको, आणि का नको ते जरा लांबण लावून सांगतो

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की ९ अभंगांचा अल्बम तुम्ही स्वतःच्या पैशाने रेकॉर्ड केलाय, स्वतःच्या साइटवरून विकायचाय, आणि आयटीतले तुमचे धाकटे दीर म्हणतायत की फाइलला कॉपी प्रोटेक्शन लावल्याशिवाय अजिबात टाकू नका, पहिल्याने विकत घेतला की दुसऱ्या दिवशी सगळ्या नातेवाइकांच्या ग्रुपवर फुकट फिरणार. तर लावायचं का, आणि लावायचं तर कुठलं.

लावू नका. साधी एमपीथ्री विका, सोबत फ्लॅक (म्हणजे आवाजातलं काहीही न गाळता लहान केलेली फाइल) द्या, आणि घेणाऱ्याला ती कुठेही वाजवू द्या. मी पुण्यात गेली २०-२२ वर्षं रेकॉर्डिंग-मास्टरिंग करतोय, शास्त्रीय, भावगीत, अभंग, कीर्तन, जे येईल ते, आणि मास्टर, म्हणजे तयार झालेलं शेवटचं रेकॉर्डिंग, हातात दिल्यावर प्रत्येक जण विचारतोच की आता हे विकू कसं, त्यामुळे विक्रीची कामंही हळूहळू गळ्यात पडली. कुलूपवाले उद्योग मीही करून बघितलेत, म्हणून सांगतोय.

दीर आयटीत आहेत म्हणजे त्यांना हे माहीत असणार, पण तुमच्यासाठी सांगतो. कुलूपवाली फाइल म्हणजे गाणं एनक्रिप्ट केलेलं असतं, आणि ते उघडायची किल्ली दुकानाच्या सर्व्हरकडून तुमच्या अकाउंटला किंवा तुमच्या कॉम्प्युटरला मिळते, प्लेअर त्या किल्लीने गाणं उघडतो आणि वाजवतो. आता गंमत बघा, बँकेच्या ऑनलाइन व्यवहारात एनक्रिप्शन चालतं कारण चोर बाहेर असतो आणि किल्ली त्याच्याकडे नसते. इथे ज्याच्यापासून गाणं लपवायचंय त्यालाच ते ऐकवायचंय, म्हणजे कुलूप, किल्ली आणि तिजोरी तिन्ही त्याच्याच घरात. शिवाय शेवटी स्पीकरमधून हवा हलणारच, तिथे एक केबल लावून कोणीही परत रेकॉर्ड करू शकतो. आणि एकाने, फक्त एकाने, कुलूप काढून फाइल सोडली की पुढच्या हजार जणांपर्यंत पोचते ती बिनकुलपाचीच. मग कुलूप उरतं कोणाच्या वाट्याला, तर ज्याने पैसे मोजले त्याच्या. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते अगदी शब्दशः हेच.

आणि हे काही मी हवेतलं बोलत नाहीये, जगातल्या सगळ्यात मोठ्या म्युझिक कंपन्यांनी दहाएक वर्षं यात घालवलीत.

सीडी १९८२ साली बाजारात आली तेव्हा तिच्यावर कुलूप नव्हतंच, ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट, सगळा डेटा उघडा, कारण तेव्हा घरात सीडी कॉपी करायचं यंत्रच कोणाकडे नव्हतं, आणि एका डिस्कवरची ६००-७०० एमबी मावेल एवढी हार्ड डिस्कही घरगुती कॉम्प्युटरला नव्हती. मग एमपीथ्री आली, १९९९ मध्ये लोकांनी एकमेकांच्या कॉम्प्युटरवरून फुकट गाणी उतरवायचं नॅप्स्टर आलं, आणि कंपन्यांची झोप उडाली. तोवर विकलेल्या सीड्या परत थोडीच घेता येतायत. मग नव्या सीड्यांवर कुलूप लावायचे प्रयोग सुरू झाले. पण कुलूप असं हवं होतं की जुन्या प्लेअरमध्ये वाजेल आणि कॉम्प्युटरमध्ये वाजणार नाही, म्हणजे मुद्दाम डिस्कमध्ये खोट घालायची. २००२ मध्ये असं एक कुलूप लोकांनी साध्या मार्कर पेनाने उघडलं, डिस्कच्या कडेला काळी रेघ ओढली की झालं. २००३ मध्ये दुसरं एक कुलूप निघालं, ते प्रिन्स्टनच्या एका विद्यार्थ्याने दाखवून दिल्याप्रमाणे डिस्क घालताना शिफ्ट की दाबून धरली की लागतच नव्हतं! शिफ्ट की. कंपनीने त्याच्यावर केस करायची धमकी दिली आणि हसं झाल्यावर मागे घेतली.

त्याच सुमाराला, ०४-०५ मध्ये असेल, आमच्याकडच्या एका गायकांनी हौसेने अशी ‘प्रोटेक्टेड’ सीडी काढून घेतली होती, डुप्लिकेशनवाल्याने गळ्यात मारली, जास्तीचे पैसे घेऊन. प्रकाशन समारंभ झाला, सत्कार झाला, आणि दुसऱ्या दिवसापासून फोन सुरू, आमच्या गाडीत वाजत नाही, आमच्या डीव्हीडी प्लेअरवर अडकते. गाडीत वाजत नाही म्हणजे अभंगाची सीडी संपलीच हो, पंढरपूरला जाताना ती लावणार कुठे. घेतलेल्या सीड्या लोकांनी परत आणून दिल्या, आणि कॉपी करणाऱ्यांनी काय केलं, तर त्यांना काही फरकच पडला नाही, एकाने वाजणाऱ्या प्लेअरवरून केबल लावून उतरवून घेतली होती.

सगळ्यात मोठा घोटाळा सोनी बीएमजी या म्युझिक कंपनीने केला, २००५ मध्ये. त्यांच्या ५२ अल्बमांच्या सीड्या विंडोजच्या कॉम्प्युटरमध्ये घातल्या की एक सॉफ्टवेअर इन्स्टॉल व्हायचं आणि ते स्वतःला असं लपवायचं की कॉम्प्युटरच्या मालकालाही दिसू नये, याला रूटकिट म्हणतात, व्हायरसवाले वापरतात ती युक्ती. मार्क रसिनोविच नावाच्या विंडोजच्या जाणकाराला ते स्वतःच्याच मशीनवर सापडलं, ३१ ऑक्टोबर २००५ ला त्याने ते जाहीर केलं, आणि काही दिवसांत खरोखरीचे व्हायरस त्याच आडोशाला लपायला लागले. सीड्या बाजारातून परत मागवाव्या लागल्या, कोर्टकज्जे झाले, भरपाया द्याव्या लागल्या. आता विचार करा, त्या अल्बमची फुकट एमपीथ्री उतरवणाऱ्याचा कॉम्प्युटर या रूटकिटपासून ठणठणीत, आणि दुकानात जाऊन पैसे देऊन सीडी आणणाऱ्याच्या कॉम्प्युटरला रोग. असल्या व्यवहारानंतर ते गिऱ्हाईक परत कशाला येईल?

डाउनलोडच्या कुलपाची दुसरी खोड म्हणजे किल्ली दुकानदाराकडे, आणि दुकान बंद झालं की? मायक्रोसॉफ्टचं एमएसएन म्युझिक नावाचं दुकान होतं, ते २००६ मध्ये बंद झालं, आणि २००८ मध्ये त्यांनी जुन्या गिऱ्हाइकांना कळवलं की ३१ ऑगस्टनंतर किल्ल्या देणारा सर्व्हर बंद करतोय, म्हणजे तुम्ही नवा कॉम्प्युटर घेतला की विकत घेतलेली गाणी गेली. बोंबाबोंब झाल्यावर मुदत वाढवली. त्याच वर्षी याहूनेही तेच केलं, वॉलमार्टनेही तेच, आणि वॉलमार्टने तर लोकांना सल्ला दिला की गाणी सीडीवर बर्न करून ठेवा. बर्न केली की कुलूप आपोआप गेलं! म्हणजे दुकानदारच सांगतोय बाबा कुलूप फोड. (मायक्रोसॉफ्टची अजून एक मजा, ‘हमखास वाजेल’ अशा अर्थाच्या नावाचं त्यांचं कुलूप होतं, प्लेज-फॉर-शुअर, आणि २००६ मध्ये त्यांनी स्वतःचाच झून नावाचा प्लेअर काढला त्यात ती गाणी वाजत नव्हती.)

पण मला विचाराल तर या सगळ्यात शिकण्यासारखी गोष्ट ॲपलची आहे, आणि ती लोक उलटी सांगतात. लोकांना वाटतं कंपन्यांनी कुलूप मागितलं, ॲपलने दिलं, मग ॲपलला दया आली आणि काढलं. तसं नाहीये ते.

ॲपलचं आयट्यून्सचं दुकान २८ एप्रिल २००३ ला उघडलं, सुरुवातीला २ लाख गाणी, एक गाणं ९९ सेंटला, पहिल्याच आठवड्यात १० लाख गाणी खपली. मोठ्या कंपन्यांनी अट घातली होती कुलूप पाहिजेच, म्हणून ॲपलने फेअरप्ले नावाचं कुलूप बनवलं. पण ते कुलूप ॲपलचं होतं, दुसऱ्या कोणाला ते त्यांनी दिलं नाही. म्हणजे कुलूपवालं गाणं खिशात घालून फिरायचं तर आयपॉडच पाहिजे. आणि आयपॉड हा लोकांच्या हातात असलेला प्लेअर, मग दुसऱ्या दुकानाने गाणी विकायची म्हटली तर कुलपाशिवाय कंपन्या देत नाहीत आणि दुसरं कुलूप आयपॉडला चालत नाही. झालं, सगळं गिऱ्हाईक एका दुकानात कोंडलं गेलं. ज्याने २०० गाणी तिथून घेतली तो दुसऱ्या कंपनीचा प्लेअर घेणारच नाही, घेतला तर २०० गाणी सोडावी लागतात. आणि मग दर कोण ठरवणार? ॲपल. कंपन्यांना नवी हिट गाणी महाग विकायची होती, जुनी स्वस्त, ॲपल म्हणालं ९९ सेंट म्हणजे ९९ सेंट. आपलं धन राखायला दारात राखणदार बसवला आणि तोच घराचा मालक होऊन बसला, असं झालं. गिऱ्हाइकावर विश्वास नाही म्हणून लावलेल्या कुलपाने कंपन्या स्वतःच कोंडल्या गेल्या.

मग ६ फेब्रुवारी २००७ ला स्टीव्ह जॉब्सने एक जाहीर पत्र लिहिलं, त्यातला हिशोब बघण्यासारखा आहे. २००६ अखेरपर्यंत ९ कोटी आयपॉड आणि २ अब्ज गाणी विकली गेली होती, म्हणजे एका आयपॉडमागे २२ गाणी. त्यावेळचा सगळ्यात लोकप्रिय आयपॉड १००० गाण्यांचा, म्हणजे भरलेल्या आयपॉडमधली ९७ टक्के गाणी कुलपाशिवायचीच, सीडीवरून घेतलेली नाहीतर कुठून कुठून. आणि त्याच २००६ सालात याच कंपन्यांनी सीडीवर २० अब्जांच्या वर गाणी बिनकुलपाची विकली होती. म्हणजे पुढचं दार सताड उघडं आणि मागच्या खिडकीला सात कड्या. त्याचा पत्र लिहिण्यात स्वार्थ होताच, युरोपात त्याच्या कुलपावरून ग्राहकवाले मागे लागले होते, पण हिशोब खरा होता. वॉर्नर या मोठ्या म्युझिक कंपनीच्या प्रमुखाने लगेच या म्हणण्यात काही तथ्य नाही असं सांगून टाकलं.

मोठ्या म्युझिक कंपन्यांपैकी ईएमआय पहिली फुटली. २ एप्रिल २००७ ला जाहीर केलं, मेअखेर गाणी आली, कुलूप नाही, दर्जा १२८ वरून २५६ केबीपीएस, किंमत १.२९ डॉलर. बाकीच्या कंपन्यांनी मग जे केलं ते ॲपलच्या प्रेमापोटी नव्हे, ॲपलला शह द्यायला. ॲमेझॉनने २५ सप्टेंबर २००७ ला साध्या एमपीथ्रीचं दुकान उघडलं, २० लाख गाणी, कुठल्याही प्लेअरवर वाजणारी, अर्थात आयपॉडवरही. वॉर्नर, तेच तथ्य नाही म्हणणारे, डिसेंबर २००७ मध्ये तिथे आले, आणि जानेवारी २००८ मध्ये सोनी बीएमजी. चारही मोठ्या कंपन्यांनी (चौथी युनिव्हर्सल) कुलूप सोडलं कारण कुलपाशिवायच्या गाण्यानेच ते त्या एका दुकानातून सुटू शकत होते. शेवटी ६ जानेवारी २००९ ला ॲपलनेही सगळी गाणी कुलपाशिवाय देणार म्हणून सांगितलं, आणि बदल्यात कंपन्यांना काय मिळालं तर ६९, ९९ सेंट आणि १.२९ असे तीन दर. म्हणजे भांडण दराचं आणि दुकानावरच्या ताब्याचं होतं, चोरीचं नाव पुढे केलेलं.

मग कुलूप काढल्यावर विक्री बुडाली का? लॉरिना झांग म्हणून एक संशोधक बाई आहेत, त्यांनी या चार कंपन्यांनी वेगवेगळ्या वेळी कुलूप काढलं त्याचाच फायदा घेऊन आधीची आणि नंतरची विक्री तपासली, ६३४ कलाकारांचे ५८०० च्या वर अल्बम. डिजिटल विक्री एकूण साधारण १० टक्के वाढली. पण मला महत्त्वाचं वाटतं ते पुढचं, जे अल्बम मुळात कमी खपत होते त्यांची विक्री ३० टक्के वाढली आणि जे धो धो खपत होते त्यांना काही फरक पडला नाही. कारण सरळ आहे, ज्याचं नाव सगळ्यांना माहीत आहे त्याला कोणी ऐकवायची गरज नसते. जे नाव माहीत नाही ते कोणीतरी ऐकवल्याशिवाय कळतच नाही. ताई, राग मानू नका, तुम्ही आणि माझे नव्वद टक्के क्लायंट त्या कमी खपणाऱ्यांत येता.

आता आपल्याकडचं. दीर म्हणतील ते अमेरिकेचं झालं, आपल्याकडे लोक पैसेच देत नाहीत. मला हे पटत नाही. कॅसेटच्या काळात गल्लीच्या कोपऱ्यावर ब्लँक कॅसेटमध्ये गाणी भरून देणारा बसायचा, तुम्ही वहीच्या कागदावर यादी द्यायची, तो साठची किंवा नव्वदची भरून द्यायचा आणि त्याचे पैसे घ्यायचा. नंतर तोच, किंवा त्याचा मुलगा, मोबाइलच्या दुकानात मेमरी कार्ड भरून द्यायला लागला, २ जीबी, ४ जीबी, वीस-तीस रुपयांत फुल्ल. लोकांनी पैसे दिले की! कॉलर ट्यूनला महिन्याला ३० रुपये कापले जायचे, तेही अर्ध्या मिनिटाच्या तुकड्यासाठी, आणि लाखो लोकांनी ते कापू दिले, कारण बॅलन्समधून जात होते, कार्ड नको, फॉर्म नको. पैसे होते, फक्त ते गाणाऱ्यापर्यंत पोचायची वाट खडबडीत होती आणि कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंतची वाट गुळगुळीत.

फ्लिपकार्टने फेब्रुवारी २०१२ मध्ये फ्लाइट नावाचं दुकान काढलं होतं, कुलपाशिवायची एमपीथ्री, एक गाणं ६ रुपयांपासून. मी घेतली होती तिथून बरीच, अजून वाजतात. जून २०१३ मध्ये बंद झालं. कुलूप नव्हतं म्हणून बंद झालं का? तर नाही. ६ रुपयांसाठी कार्डाचा १६ आकडी नंबर, मग बँकेचा पासवर्ड, मग पेज लटकणार, आणि बाजूला तीच गाणी फुकट ऐकवणारी ॲपं उभी राहिलेली. ६ रुपये कोणाला जड नव्हते, ते द्यायची कटकट जड होती. यूपीआय नव्हतं तेव्हा. आज असतं तर काय झालं असतं कुणास ठाऊक, पण तोवर लोकांची सवयच बदलली. आज तुमची स्पर्धा पायरेट कॉपीशी फारशी नाहीये, ती यूट्यूब आणि स्ट्रीमिंगशी आहे, जिथे सगळं कायदेशीरच फुकट किंवा जवळपास फुकट आहे. आणि तिथून तुमच्यासारख्याला काय मिळतं? स्पॉटिफायने २०२४ पासून नियम केलाय, वर्षभरात १००० वेळा वाजलं नाही तर त्या ट्रॅकला रेकॉर्डिंगचे पैसेच नाहीत. तिथे ठेवा जरूर, लोक शोधतात तिथे सापडलं पाहिजे, पण ते पैशाचं साधन समजू नका. (आणि हो, त्या ॲपांमध्ये ‘डाउनलोड’ केलेलं गाणं कुलूपवालंच असतं बरं का, वर्गणी बंद झाली की ते वाजत नाही. कुलूप गेलं ते विकत घेतलेल्या गाण्यावरून, भाड्याच्या गाण्यावर ते आहेच, आणि तिथे ते असणं मला गैर वाटत नाही, भाड्याची खोली सोडताना किल्ली द्यावीच लागते.)

आता दिरांच्या मुद्द्यावर. फॉरवर्ड होणार का? होणार. मी खोटं कशाला सांगू. पण ग्रुपवर फुकट आलेली फाइल ऐकणारे २०० जण म्हणजे बुडालेले २०० गिऱ्हाईक हा हिशोब चुकीचा आहे, त्यातले १९० जण गुड मॉर्निंगच्या फोटोसारखं बघून सोडून देतात. उरलेल्या दहांपैकी एखाद-दुसरा विचारतो कोण गातंय हो, आणि त्याला उत्तर फाइलमध्येच मिळालं पाहिजे. म्हणून माझा नियम, प्रत्येक फाइलच्या टॅगमध्ये (फाइलच्या आतच लिहिता येणारी माहिती) गायकाचं नाव, अल्बमचं नाव, आणि कॉमेंटच्या रकान्यात साइटचा पत्ता. कव्हरच्या चित्रावरही खाली बारीक अक्षरात साइट. मग फॉरवर्ड झालेली फाइल तुमचं व्हिजिटिंग कार्ड होते. एका कीर्तनकार बुवांच्या अल्बमला आम्ही हे केलं होतं, वर्ष-दीड वर्षाने परदेशातून ऑर्डर यायला लागल्या, दर महिन्याला दोन-चारच, पण येत राहिल्या, आणि त्यातले बहुतेक सांगायचे की कोणीतरी एक अभंग पाठवला होता.

विकत घेणाऱ्याचं नाव फाइलमध्ये घालावं का असाही एक प्रकार असतो. ॲपलच्या कुलूप काढलेल्या फाइलमध्येही घेणाऱ्याचं नाव आणि ईमेल असायचं, आणि ते कळल्यावर बरीच ओरड झाली होती. मी नको म्हणतो. नाव घातलं तर फार तर ‘अमुक यांच्यासाठी’ एवढंच घाला, अर्पणपत्रिकेसारखं, लोकांना आवडतंसुद्धा ते. फोन नंबर, ईमेल अजिबात नको, फाइल फिरली तर त्या माणसाला नको ते फोन येतील आणि दोष तुमच्यावर.

आणि अजून एक, दीर कुलूप नाही तर निदान २४ तासांत बंद होणारी लिंक तरी ठेवा म्हणतील. हे पाप मी स्वतः केलंय. एकदा लिंक एकदाच चालेल आणि २४ तासच चालेल असं केलं, आणि घेणारे कोण, तर साठीच्या पुढचे काका-मावशी, जे घेतात शनिवारी आणि मुलगा घरी आला की उतरवून देईल म्हणून थांबतात. मुलगा येतो पुढच्या रविवारी. आठवडाभर रात्री साडेनऊ-दहाला फोन. शेवटी एका आजोबांनी सांगितलं, पैसे राहू देत, मी यूट्यूबवर ऐकतो. त्या दिवशी मी तो नियम काढून टाकला. लिंक वर्षभर चालू द्या, कितीही वेळा उतरवू द्या, फोन हरवला म्हणून कोणी दोन वर्षांनी मागितली तरी न विचारता परत पाठवा.

कुलूप नाही म्हणजे कायदा नाही असं मात्र नाही हं. कॉपीराइट तुमचाच राहतो, रेकॉर्डिंगचा प्रकाशनापासून ६० वर्षं. कोणी तुमचा अल्बम स्वतःच्या चॅनेलवर चढवून जाहिरातीचे पैसे खात असेल तर तिथे तक्रार करून काढायला लावा, ते तुम्हाला कुलपाशिवायही करता येतं. आपल्या कायद्यात कुलूप तोडण्याविरुद्ध कलम आहे, २०१२ च्या दुरुस्तीत ६५ अ म्हणून आलं, दोन वर्षांपर्यंत कैद, पण त्यात कॉपीराइटचा भंग करायच्या हेतूने तोडलं तर गुन्हा अशी अट आहे, अमेरिकेसारखं सरसकट नाही. अर्थात ९ अभंगांसाठी तुम्ही कोणाला कोर्टात खेचणार आहात, सोडून द्या.

त्यापेक्षा एक गोष्ट विचारतो जी तुम्ही लिहिलेली नाही, चाली कोणाच्या आहेत? शब्द तुकोबांचे, नामदेवांचे, ते सगळ्यांचेच. पण चाल जर एखाद्या संगीतकाराने बांधलेली असेल तर ती त्यांच्या हयातीनंतर ६० वर्षं त्यांची किंवा त्यांच्या कंपनीची. आपल्याकडे लोकांना वाटतं अभंग म्हणजे पारंपरिक, आणि निघतं ते पन्नास-साठ वर्षांपूर्वीचं रेकॉर्डवरचं गाणं. त्याचं कव्हर कायदेशीर करायला कलम ३१ क आहे, पण मूळ रेकॉर्डिंगनंतर पाच वर्षं झालेली असावी लागतात आणि वर्षाला किमान ५०,००० प्रतींची रॉयल्टी भरा म्हणतं ते, भाषेप्रमाणे आकडा कमी करायची सोय आहे कायद्यात, पण आपल्यासारख्याने त्यात न पडता आधी सरळ हक्कदाराला पत्र लिहून परवानगी घ्यावी. ९ पैकी जी चाल तुमची, तुमच्या गुरूंची (त्यांच्या लेखी संमतीने) किंवा खरोखर वारकरी परंपरेतली, ती निर्धास्त विका. कुलपाची चिंता करणाऱ्या किती लोकांनी हे तपासलेलंच नसतं, दुसऱ्याच्या चालीला स्वतःचं कुलूप लावायला निघतात.

आता विकायचं कसं. अल्बम साधारण ५४ मिनिटांचा धरला तर ३२० केबीपीएसची एमपीथ्री १३० एमबी होईल, सीडीच्या दर्जाची वेव्ह (अजिबात न दाबलेली मूळ फाइल) ५७० एमबीच्या आसपास आणि फ्लॅक साधारण त्याच्या निम्मी. दोन्ही द्या, एमपीथ्रीची झिप वेगळी, फ्लॅकची वेगळी, आणि शिवाय सुटे ट्रॅकही ठेवा कारण फोनवर झिप उघडता न येणारे खूप असतात. फ्लॅक बहुतेकांना नको असतं पण ज्याला हवं असतं तो त्यासाठीच पैसे देतो, फुकट मिळणाऱ्या स्ट्रीमपेक्षा तुमच्याकडे काय जास्त आहे, तर हे. गजर अभंगाला जोडून असेल आणि दोन ट्रॅक केले असतील तर एमपीथ्रीत मध्ये बारीकसा खड्डा पडतो, टाळ तुटल्यासारखा वाटतो, त्यामुळे तो एकच ट्रॅक ठेवा. टॅग देवनागरीत लिहा पण फाइलचं नाव रोमनमध्ये आणि पुढे ०१, ०२ असे आकडे, कारण गाड्यांच्या जुन्या स्टिरिओवर देवनागरीचे चौकोन दिसतात आणि क्रमही बिघडतो. सोबत अभंगांच्या शब्दांची पीडीएफ द्या, मोठ्या टायपात. मी बघितलंय, लोक गाण्याइतकेच त्या पीडीएफसाठी घेतात, भजनी मंडळात प्रिंट काढून वाटतात.

पैसे घ्यायला भारतात यूपीआय, मध्ये पैसे गोळा करून देणारा पेमेंट गेटवे लावलात तर साधारण २ टक्के जातात. परदेशातल्या मराठी लोकांसाठी बँडकॅम्प ही गाणी विकायची साइट बरी, कुलूप नाही, एमपीथ्री-फ्लॅक जे हवं ते घेणारा निवडतो, डाउनलोडवर १५ टक्के घेतात आणि ‘याहून जास्त द्यायचे असतील तर द्या’ असा रकाना असतो, तो चालू ठेवाच, लोक खरंच जास्त देतात. फक्त लक्षात ठेवा, तिथले पैसे पेपॅलवरून येतात आणि पेपॅलने १ एप्रिल २०२१ पासून भारतातल्या भारतात व्यवहार बंद केलेत, म्हणजे नाशिकच्या माणसाने तिथून घ्यायचं म्हटलं तर अडकणार. म्हणून दोन्ही दारं हवीत, इथल्यांना तुमची साइट, तिकडच्यांना ते. किंमत मी अल्बमला १५० ते २०० ठेवीन, सुटा अभंग २५. दहा-पंधरा रुपये ठेवून उगाच स्वतःची किंमत कमी करू नका, घेणारा घेतोच, न घेणारा ५ रुपयांनाही घेत नाही.

दिरांना नाराज करू नका, त्यांना काम द्या. एखादा चार-पाच वर्षं जुना, स्वस्तातला अँड्रॉइड फोन घ्यायला सांगा, वायफाय बंद करून मोबाइल डेटावर, सासूबाईंच्या हातात द्या, आणि साइट उघडल्यापासून पहिला अभंग वाजेपर्यंत किती वेळा बोट लावावं लागतं ते मोजायला सांगा. सहाच्या वर गेलं तर कमी करा. आणि मूळ वेव्ह मास्टर दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा, एक घरी, एक माहेरी.